पोहोच आणि पोच

एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्रात आमच्या एका विद्यार्थिनीने सादर केलेल्या प्रकल्प-अहवालाचे शीर्षक 'समाजमाध्यमावरील माझा प्रभाव व प्रतिसादवृद्धी : एक आत्मचिंतन' असे होते. अडतीस पाने, त्यांपैकी चौदा तक्त्यांची. इन्स्टाग्रामवर ती कवितांचे एक पान चालवते. सात महिन्यांत त्या पानाचे अनुयायी चारशेंवरून अकरा हजारांवर कसे गेले, याचा तो महिनावार हिशेब होता. तोंडी परीक्षेसाठी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल वाखाणला, सर्वोच्च श्रेणी सुचवली, आणि मराठी विभागात असे काम आपण प्रथमच पाहत असल्याचा अभिप्रायही नोंदवला. श्रेणीपत्रकावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. पुढे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाने तो अहवाल 'उत्तम उपक्रम' म्हणून मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यासाठी मागून घेतला.

ती सही आम्हांला तेव्हापासून टोचते आहे. आम्ही म्हणजे खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवणारे दोघे अध्यापक. प्रस्तुत लेख त्या विद्यार्थिनीविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आमच्या सहीविरुद्ध आहे, आणि आमच्यासारख्या सह्या आज जिथे जिथे होत आहेत त्या सर्व टेबलांविरुद्ध आहे.

अहवाल वाईट नव्हता, हीच खरी अडचण. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकल्पांपेक्षा त्यात निरीक्षण अधिक होते आणि उसनवारी कमी. कविता चार ओळींपुढे गेली की वाचक निसटतो. रात्री नऊ ते दहा ही वेळ सर्वांत फलदायी. चित्रफितीच्या पहिल्या तीन सेकंदांत चेहरा दिसला पाहिजे. पाऊस, आई आणि सोडून गेलेला प्रियकर हे विषय हमखास चालतात. शेवटची ओळ प्रश्नार्थक ठेवली तर लोक उत्तरे लिहितात. हे सारे तिने करून पाहून नोंदवले होते. आणि मग सत्ताविसाव्या पानावर, कसलाही सूर न बदलता, हे वाक्य आले : 'अहिराणीतील नऊ कवितांना मिळालेला प्रतिसाद अत्यल्प असल्याने सदर प्रकारचे लेखन ऑक्टोबरपासून बंद करण्यात आले.'

'बंद करण्यात आले.' कर्मणी प्रयोग. जणू एखाद्या मार्गावरील एस. टी. ची फेरी प्रवाशांअभावी बंद करण्यात आली.

खालच्या तक्त्यात त्या नऊ कवितांची आकडेवारी होती. कापूस वेचणाऱ्या आजीवरच्या कवितेपुढे लिहिले होते : पसंती ३१, पुढे पाठवणे ०, टिप्पणी १. ती एक टिप्पणी कोणती, हे परिशिष्टात सापडले. सुरतेच्या उधना भागात राहणाऱ्या एका बाईने लिहिले होते की ही कविता मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले, आणि ही पोर कोणत्या गावची ते विचार म्हणाल्या. खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेल्या कुटुंबांची संख्या आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या एका म्हातारीने परमुलखात आपल्या बोलीतली कविता ऐकून कवीचे गाव विचारले, आणि त्याची नोंद 'टिप्पणी १' अशी झाली. विद्यार्थिनीने त्या बाईला उत्तर लिहिलेले नव्हते.

२

मराठीत 'पोच' आणि 'पोहोच' हे दोन शब्द एकाच धातूतून आले आणि वेगवेगळ्या वाटांनी गेले. पोहोच म्हणजे एखादी गोष्ट कुठवर जाऊ शकते ती मर्यादा : हाताची पोहोच, गोळीची पोहोच, वशिल्याची पोहोच. पोच म्हणजे गेलेली गोष्ट मिळाली अशी पलीकडून आलेली खूण. जुन्या पत्रांच्या अखेरीस 'पत्राची पोच द्यावी' असे लिहीत. पोहोच पाठवणाऱ्याच्या ताकदीवर ठरते. पोच घेणाराच देऊ शकतो, आणि त्यासाठी पलीकडे कुणीतरी जिवंत माणूस लागतो. याच शब्दाला आपल्या बोलण्यात तिसराही अर्थ आहे. 'त्याला पोच नाही' असे आपण म्हणतो तेव्हा कुठे काय करावे, कशाला किती मोल द्यावे याची समज त्याला नाही, असे सुचवतो.

समाजमाध्यमांच्या परिभाषेत 'रीच' हा शब्द आला आणि आपण त्याला 'पोहोच' हा प्रतिशब्द दिला. प्रतिशब्द अचूक आहे. चूक पुढे झाली. पोहोच मोजली आणि पोच मिळाली असे मानून बसलो. अहवालातील 'एकूण पोहोच' या रकान्यात लाखांचे आकडे आहेत. उधन्याहून आलेली पोच मात्र एकच आहे, आणि तिच्यासाठी वेगळा रकानाच नाही.

'प्रभाव', 'प्रतिसाद' आणि 'अनुयायी' या शब्दांचेही असेच झाले. प्रभाव हा शब्द आम्ही वर्गात वापरतो तो एखाद्या लेखकाने दुसऱ्याच्या लिहिण्यात, किंवा वाचकाच्या जगण्यात, मागे ठेवलेल्या खुणेसाठी. तो ओळखायला वर्षे लागतात आणि सिद्ध करायला प्रबंध. प्रतिसादात साद ऐकून घेणे गृहीत आहे. आणि अनुयायी हा शब्द तर या महाराष्ट्रात ज्यांनी कुणाच्या मागे चालण्याची किंमत मोजली त्यांच्यासाठी राखलेला आहे. अंगठ्याच्या एका स्पर्शाने होणाऱ्या आणि दुसऱ्या स्पर्शाने मोडणाऱ्या नात्याला आपण हा शब्द दिला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही; भाषेच्या विभागांनीही घेतली नाही.

३

आता मोजणाऱ्या यंत्राकडे वळू, कारण आकडा निरागस असतो असा समज आमच्या व्यवसायातही पक्का आहे.

फेसबुकने पसंतीचे बटण आणले ते २००९ मध्ये. २०१० मध्ये सुरू झालेले आणि २०१२ मध्ये फेसबुकने विकत घेतलेले इन्स्टाग्राम आरंभी मजकूर कालक्रमाने दाखवत असे. २०१६ पासून तो क्रम यंत्र ठरवू लागले. जूनअखेर २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने आपल्याकडे छोट्या चित्रफितींचा 'रील' हा प्रकार आणला. आमच्या विद्यार्थिनीची कविता चार ओळींची का झाली आणि तिला चेहरा का लागला, याचे उत्तर काव्यशास्त्रात शोधण्याचे कारण नाही. ते या कालपटात आहे.

दुसरा दाखला अधिक बोलका. २०१७ मध्ये फेसबुकने आपल्या क्रमवारीत साध्या पसंतीच्या पाचपट वजन भावचिन्हांना दिले. त्यांत रागाचे चिन्हही आले. राग आणणारा मजकूर त्यामुळे अधिक लोकांपुढे जाऊ लागला. कंपनीच्याच संशोधकांनी धोका दाखवला होता, पण रागाचे वजन शून्यावर आणायला २०२० उजाडले. २०२१ मध्ये अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा हे जगाला कळले. म्हणजे तीन वर्षे जगभरच्या लोकांना 'प्रतिसाद' म्हणून जे दिसत होते, त्याचे भाव कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी ठरवत होते. बाजार समितीत कापसाचा भाव पडला तर शेतकऱ्याला निदान अडत्याचे तोंड दिसते.

या कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते. जाहिरात दाखवायची तर माणूस पडद्यापाशी थांबला पाहिजे. तेव्हा यंत्र जे मोजते ते थांबणे होय. माणूस ज्यामुळे थांबला ते चांगले होते की वाईट, खरे होते की खोटे, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. हे मोजमाप व्यापारासाठी योग्य असेल. पण मराठीच्या पदव्युत्तर विभागात ते कवितेच्या मूल्यमापनाचे साधन म्हणून आले आणि त्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली, हा व्यापाऱ्याचा गुन्हा नाही.

४

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की तुम्ही जुने द्वारपाल. कोण छापले जाईल हे पुण्या-मुंबईचे चार संपादक ठरवत होते तेव्हा तुम्हांला चालले. आज गावातली मुलगी कुणाची परवानगी न घेता लिहिते, तर तुम्हांला साहित्यमूल्य आठवते. या आक्षेपातला सत्यांश नाकारण्याची आमची इच्छा नाही. धुळ्या-नंदुरबारच्या, दलित-आदिवासी वस्त्यांतल्या किती वह्या 'साभार परत' आल्या आणि किती पाठवल्याच गेल्या नाहीत, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आज त्या वह्यांना पडदा मिळाला याचा आनंदच आहे.

परंतु द्वारपालांशी मराठीत भांडण झाले आहे, आणि ते कसे झाले ते आठवावे. पन्नाशीच्या दशकात 'शब्द' निघाले ते चक्रमुद्रित करून, मोजक्या प्रतींत. साठीत 'असो' आणि 'वाचा' आली. १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली. ती योग्य होती का, यावर आजही वाद घालता येतो. मुद्दा वाद घालता येण्याचाच आहे. 'सत्यकथे'ला गिरगावातल्या खटाववाडीत पत्ता होता. तिथे जाऊन भांडता येत होते. संपादकाचा नकार अन्यायी असला तरी तो एका माणसाने, काही एका वाङ्मयीन भूमिकेतून दिलेला असे, आणि त्या भूमिकेला दुसरी भूमिका उत्तर देऊ शके. लघुअनियतकालिकांतून मराठी कविता बदलली ती या उत्तरातून. यंत्राने दाबून ठेवलेल्या अहिराणी कवितेची दाद कुठे मागायची? कशाची होळी करायची? आमच्या विद्यार्थिनीला तर नकार मिळाल्याचेही कळले नाही. तिला फक्त छोटा आकडा दिसला आणि तिने आपणहून लिहिणे थांबवले. जुना द्वारपाल कविता परत पाठवत असे. नवा द्वारपाल कवीच्या आत जाऊन बसतो.

शिवाय मोठ्या आकड्यावाचून प्रभाव नाही हे मराठीच्या इतिहासात टिकत नाही. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये आले. हयातीत त्यांची 'पोहोच' शेत, घर आणि आळी एवढीच. पण सोपानदेव आणि घरचे आप्त ऐकत होते, टिपून ठेवत होते. तेवढी पोच पुरली. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा, आणि पुढचे आले ते पंचवीसएक वर्षांनी. आता यावरून उपेक्षा हेच मोठेपणाचे लक्षण असा भाबडा निष्कर्ष कुणी काढू नये. उपेक्षेने मेलेल्या कविता आपल्याला माहीत नाहीत म्हणूनच ती गोड वाटते. आमचे म्हणणे एवढेच, की या कवितांना वाचक मिळाले ते एकेक करून मिळाले, आणि प्रत्येकाने त्या पुढे नेल्या.

कुणी असेही म्हणेल की अहिराणी चालत नाही हा तर सरळ बाजाराचा कौल आहे. तेही खरे नाही. अहिराणी गाण्यांना आणि विनोदी चित्रफितींना यूट्यूबवर लाखोंनी प्रेक्षक आहेत. लग्नाच्या मांडवात ती गाणी वाजतात आणि आम्हीही नाचलो आहोत. बोली नाचताना चालते, हसवताना चालते. ती कापूस वेचताना बोटांना पडलेल्या चिरांविषयी सावकाश बोलू लागली की चालत नाही. बोलीचे एकच तोंड उजेडात राहते आणि बाकीची अंधारात जातात. ज्या भाषेला फक्त हसवण्याची परवानगी असते, तिच्या बोलणाऱ्यांकडे लोक कसे पाहू लागतात, हे तालुक्याच्या गावाहून शहरात शिकायला गेलेल्या कुणालाही विचारावे.

दुसरा आक्षेप पोटाचा. मराठीत एम. ए. होऊन करायचे काय? सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आमचे माजी विद्यार्थी आम्ही रोज पाहतो. तिने या पानातून चार पैसे मिळवले तर पगारी नोकरीत बसलेल्या आम्ही नाक मुरडणे हा निर्लज्जपणा होईल. मान्य. पण मग त्याला धंदा म्हणावे आणि धंद्यासारखे शिकवावे. करार कसा वाचायचा, उत्पन्नाचा हिशेब कसा ठेवायचा, आपल्या कवितेवर हक्क कुणाचा राहतो, हे शिकवावे. एका कवितेखाली तिने एका दुकानाच्या साड्यांचे कौतुक केले होते. साडी भेट मिळाली होती, हे तोंडी परीक्षेत तिने मोकळेपणाने सांगितले. असा मजकूर जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे मार्गदर्शक नियम २०२१ पासून आहेत. तिला ते ठाऊक नव्हते, परीक्षकांना नव्हते, आम्हांलाही तोवर नव्हते. म्हणजे आम्ही तिला धड धंदा शिकवला नाही आणि धड कविताही नाही. दोन्हींच्या मधोमध 'आत्मचिंतन' नावाची जी पोकळी असते, तिच्यात तिला उभे केले आणि टाळ्या वाजवल्या.

५

तोंडी परीक्षेत आम्ही तिला विचारले होते, अहिराणी कविता का थांबवल्या? ती म्हणाली, "सर, त्या कुणी वाचल्या? मॅडम, तुम्ही तरी वाचल्या का?"

आम्ही दोघेही तिच्या अकरा हजारांत होतो. ती पहिल्या वर्षाला असताना तिनेच आग्रह केला म्हणून आम्ही तिच्या पानाचे अनुयायी झालो होतो. त्या नऊ कवितांपैकी एकही आम्ही वाचली नव्हती. आम्ही गप्प बसलो, परीक्षक हसले, आणि पुढचा प्रश्न विचारला गेला.

तिला मोजायला कुणी शिकवले, हे त्या क्षणी आमच्या लक्षात यायला हवे होते. ते लक्षात यायला आणखी काही दिवस लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकपद्धती आणली. तेव्हापासून आमच्या पिढीने शोधनिबंध लिहिले ते गुणांसाठी. गुणांसाठी चर्चासत्रे भरली, गुणांसाठी नियतकालिके निघाली, पैसे भरून निबंध छापले गेले, आणि ते कुणी वाचले नाहीत. लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचले नाहीत. पुढे बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, आणि २०२५ मध्ये ती यादीही मागे घेतली. नियम बदलत गेले. मोजणीची सवय राहिली. मराठी भाषा गौरव दिनाला आम्ही ग्रंथदिंडी काढतो ती स्थळ-काळाची नोंद उमटणारे छायाचित्र अहवालाला जोडायचे असते म्हणून. छायाचित्र निघाले की दिंडी पांगते आणि पालखीतले ग्रंथ पुन्हा कपाटात जातात. मूल्यांकन समितीला ही आमची 'पोहोच'. विद्यार्थी हे सारे पाहत असतात. रात्री नऊची वेळ फलदायी असते हे आमच्या विद्यार्थिनीने स्वतः शोधले असेल; पण जे दाखवता येत नाही ते झालेलेच नाही, हे तिला आमच्या विभागाने शिकवले.

माप हेच लक्ष्य झाले की ते माप म्हणून निकामी होते, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ च्या मांडणीतून पुढे आलेले सूत्र आता सर्वपरिचित आहे. त्याला ज्या रूपात लोक ओळखतात ते रूप मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दिले, आणि तेही विद्यापीठांतल्या मूल्यमापनाविषयी लिहिताना, हे मात्र कमी जणांना माहीत असते. म्हणजे इशारा आपल्याच घराविषयी होता. आपण तो इन्स्टाग्रामला लागू करून मोकळे झालो.

६

तर मागणी काय? नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रप्रकल्प आणि कार्यानुभव आता पदव्युत्तर अभ्यासक्रमात आले आहेत, आणि समाजमाध्यमांवरचे लेखन त्यांत येणारच. ते यावे. आम्ही बंदी मागत नाही. तीन गोष्टी मात्र मराठी विभागांनी ठरवाव्यात असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

एक : अनुयायी, पसंती, पोहोच यांचा कोणताही आकडा वाङ्मयीन गुणाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये. आकडे द्यायचे तर यंत्र ते कसे घडवते याच्या चर्चेसह द्यावेत. तशी चर्चा नसेल तर तो भाग तपासूच नये. दोन : अशा प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थ्याने किमान एका वाचकाशी झालेला सविस्तर व्यवहार नोंदवावा. कुणी वाचले, काय कळले, काय कळले नाही, मग आपण काय बदलले, किंवा न बदलण्याचे का ठरवले. तीन, आणि हे सर्वांत अवघड : मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याचे मूळ लेखन वाचलेले असावे. तक्ते वाचणे म्हणजे कविता वाचणे नव्हे, हे साहित्याच्या अध्यापकांना लेखी नियम करून सांगावे लागते, याची लाज आम्हांला आहे.

गुणवत्ता कक्षाला आम्ही पत्र दिले आहे, की हा अहवाल उत्तम उपक्रम म्हणून पुढे पाठवू नये. पाठवायचाच असेल तर सत्ताविसाव्या पानावर आमची असहमती जोडून पाठवावा. उत्तर आलेले नाही. श्रेणी बदला असे आम्ही म्हटलेले नाही. ती श्रेणी विद्यार्थिनीने आम्ही घातलेल्या नियमांनी मिळवली, आणि नियम चुकले याचा दंड तिने भरू नये.

त्या नऊ कविता आम्ही आता वाचल्या आहेत. दोन कच्च्या आहेत, चार बऱ्या आहेत, आणि तीन अशा आहेत की आम्ही त्या एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवल्या. कापूस वेचणाऱ्या आजीची कविता या तिघींत आहे. तसे आम्ही तिला कागदावर, कवितागणिक, काय आवडले आणि कुठे अडखळलो ते लिहून कळवले आहे. सोबत एवढेच विचारले आहे, की उधन्याच्या त्या म्हातारीने तुझे गाव विचारले होते. तिला उत्तर दिलेस का?